साविनच्या संध्याकाळी दिवंगतांचे पान : घरच्या घरी करावयाच्या स्मरणविधीचे मार्गदर्शन

आयर्लंड, स्कॉटलंड आणि आइल ऑफ मॅन या गेलिक परंपरेच्या प्रदेशांत ३१ ऑक्टोबरच्या सूर्यास्तापासून १ नोव्हेंबरच्या सूर्यास्तापर्यंत साविन हा सण मानला जातो. Samhain हे स्पेलिंग पाहून त्याचा उच्चार 'सामहेन' असा करण्याचा मोह होतो, पण आयरिश माणसे साविनच्या जवळपासचा उच्चार करतात. सुगी संपलेली असे, उन्हाळी कुरणांवरची गुरे खाली आणली जात, हिवाळाभर पोसता येणार नाहीत अशी जनावरे कापली जात आणि वर्षाचा काळोखा अर्धा भाग सुरू होई. आजचे पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या युरोपीय श्रद्धांपासून प्रेरणा घेऊन उपासना करणारे लोक, याच संध्याकाळी आपल्या गेलेल्या माणसांसाठी पान वाढतात आणि त्यांची नावे मोठ्याने घेतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४,००० लोकांनी आपला धर्म पेगन असल्याचे नोंदवले. त्यामुळे डब्लिनला, लेस्टरला किंवा एडिनबराला राहणाऱ्या मराठी माणसाला शेजाऱ्याकडून, सहकाऱ्याकडून किंवा क्वचित स्वतःच्या सासरकडून या संध्याकाळचे आमंत्रण येणे आता फारसे नवलाचे राहिलेले नाही.

अशा आमंत्रणाला जाणाऱ्यांसाठी, मिश्र कुटुंबात हा विधी घरीच करू पाहणाऱ्यांसाठी आणि केवळ जिज्ञासेने वाचणाऱ्यांसाठी पुढे एका साध्या, घरगुती साविनची सगळी तयारी क्रमाने दिली आहे. या विधीला पुरोहित लागत नाही, ठरलेले मंत्र नाहीत आणि अमुक एका नात्यातल्या माणसानेच तो करावा असा दंडकही नाही. हे मोकळेपण सुखावणारे आहे, पण त्यामुळे बाजारातून आणलेल्या काळ्या मेणबत्त्या, प्लास्टिकच्या कवट्या आणि इंटरनेटवरून उतरवून घेतलेली 'प्राचीन' स्तोत्रे यांच्या गर्दीत ज्या माणसासाठी हे सगळे चालले आहे तोच हरवून बसण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्येक पायरीवर एकच कसोटी लावावी : ही गोष्ट त्या माणसाची आठवण जागी करते की नुसती सजावट करते?

यात जुने किती आणि नवे किती

साविनच्या जुन्या खुणा भक्कम आहेत. मध्ययुगीन आयरिश कथांमध्ये वर्षाचे जे चार कळीचे दिवस येतात त्यांत साविन आहे. मीथ काउंटीतल्या अॅथबॉय गावाजवळची त्लाख्तगा ही टेकडी साविनच्या अग्नीशी जोडलेली आहे आणि गेल्या काही वर्षांत त्या गावातून टेकडीकडे मशाली घेऊन लोक पुन्हा जाऊ लागले आहेत. मीथमधल्याच तारा नावाच्या टेकडीवर सुमारे ५००० वर्षांपूर्वीची एक दफनगुहा आहे, तिच्या आत साविनच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण पोचतात. रॉसकॉमन काउंटीतल्या राथक्रोहन येथील 'मांजरांची गुहा' तर परलोकाचे दारच मानली गेली होती.

मात्र या जुन्या कथा बारकाईने वाचल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. साविनच्या रात्री त्यांतल्या टेकड्या उघडतात आणि बाहेर येतात ते बहुतेक करून परलोकातले अमानवी रहिवासी, म्हणजे परीसृष्टीतले राजे, योद्धे आणि राक्षस. आपले आजोबा घरी जेवायला येतात ही कल्पना त्या कथांत जवळजवळ सापडत नाही. घरच्या मृतांसाठी शेकोटीभोवती खुर्च्या मांडून ठेवणे, विस्तव न विझवता झोपायला जाणे, दाराला कडी न लावणे आणि घरातल्या प्रत्येक मृतासाठी एक मेणबत्ती लावणे या चाली आयर्लंडमध्ये नोंदल्या गेल्या त्या प्रामुख्याने २ नोव्हेंबरच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या सर्व मृतात्म्यांच्या दिवसाच्या संदर्भात. नवव्या शतकापर्यंत पश्चिम युरोपात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस झाला आणि फ्रान्समधल्या क्लूनी मठाचा प्रमुख ओदिलो याने दहाव्या-अकराव्या शतकांच्या उंबरठ्यावर त्याच्या दुसऱ्या दिवशी सर्व मृतांसाठी प्रार्थनेची प्रथा घातली. पुढे १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये विक्का या आधुनिक पेगन पंथाचे जेराल्ड गार्डनर आणि ड्रुइड पंथाचे रॉस निकोल्स यांच्या वर्तुळांत आठ सणांचे वर्षचक्र आकाराला आले आणि साविन हा पूर्वजांचा सण म्हणून त्यात पक्का बसला. ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रोनल्ड हटन यांनी हे थर वेगवेगळे करून दाखवले आहेत, आणि विशेष म्हणजे ब्रिटनमधल्या पुष्कळ पेगनांनी ते मोकळेपणाने मान्यही केले आहे.

ही माहिती देण्याचे कारण व्यवहाराचे आहे. 'दोन हजार वर्षे हे असेच करत आले आहेत' असे कोणी सांगू लागले की विधीतली प्रत्येक वस्तू सक्तीची वाटू लागते. आपण करतो ते मध्ययुगीन कथा, कॅथलिक खेड्यांतल्या चालीरीती आणि विसाव्या शतकातली नवी मांडणी यांचे मिश्रण आहे हे एकदा स्वच्छ कळले की काय ठेवावे आणि काय सोडावे हे निर्धास्तपणे ठरवता येते. मूळ चाली वाचायच्या असतील तर आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहिलेला लोककथांचा प्रचंड संग्रह इंटरनेटवर खुला आहे. कोणत्याही आधुनिक पुस्तिकेपेक्षा त्या मुलांच्या वह्या अधिक विश्वासार्ह आहेत.

कोणासाठी, आणि केव्हा

तयारीला दोन आठवडे आधी सुरुवात करावी. पहिले काम यादी करण्याचे. आधुनिक ड्रुइड मंडळी, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितवर्गापासून प्रेरणा घेणारे पेगन, पूर्वजांचे तीन गट मानतात : रक्ताचे, आपण राहतो त्या भूमीचे, आणि आपल्या विद्येचे किंवा परंपरेचे. या विभागणीमुळे दत्तक आलेल्या, माहेर-सासर दोन्ही तुटलेल्या किंवा परदेशात एकट्या राहणाऱ्या माणसालाही कोणाची तरी आठवण करण्याचा हक्क मिळतो. गाणे शिकवणाऱ्या बाई, पहिली नोकरी देणारा मालक, आपण राहतो ते घर शंभर वर्षांपूर्वी बांधणारा गवंडी, हे सगळे यादीत येऊ शकतात. तरीही पहिल्या वर्षी यादी आखूड ठेवावी. तीसचाळीस नावे घेतली की प्रत्येकाच्या वाट्याला नुसता उच्चार येतो. चार-पाच माणसे निवडली तर प्रत्येकाबद्दल काही बोलता येते.

गेल्या साविननंतर वारलेल्या माणसांना या यादीत पहिले स्थान देण्याची रीत आहे. पण मृत्यू अगदी ताजा असेल, दोन-तीन महिन्यांचाच असेल, तर घरातल्या सगळ्यांना विचारल्याशिवाय मोठा विधी योजू नये. एकाला ज्यातून आधार मिळतो तेच दुसऱ्याला असह्य होऊ शकते, अशा वर्षी खिडकीतली एक मेणबत्ती पुरे. ज्या माणसाने आपल्याला दुखावले, छळले, त्याचे नाव घेण्याचे बंधनही कोणावर नाही. आणखी एक विचार बहुधा सुटतो : गेलेली व्यक्ती स्वतः श्रद्धाळू कॅथलिक, कडवी नास्तिक किंवा नेमधर्म पाळणारी हिंदू असेल, तर पेगन पद्धतीने आपली आठवण काढलेली तिला रुचली असती का, हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारावे. उत्तर नकारार्थी आले तर तिच्यासाठी तिच्या आवडीचे काही करावे आणि साविनच्या यादीतून तिचे नाव वगळावे.

दिवस ठरवताना थोडे लवचिक राहता येते. सण सूर्यास्ताला सुरू होतो, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे गेलेली असल्यामुळे ३१ ऑक्टोबरला डब्लिनमध्ये पाचच्या सुमारास आणि लंडनमध्ये साडेचारच्या पुढेमागेच सूर्य मावळतो. कामावरून घरी येईपर्यंत अंधार पडलेलाच असतो, त्यामुळे नेमका सूर्यास्त गाठण्याचा अट्टहास करू नये. काही पेगन शरद संपात आणि हिवाळी अयनदिन यांच्या बरोबर मधला दिवस धरतात, तो ७ नोव्हेंबरच्या आसपास येतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ऋतू उलटे असल्याने तिथले बहुतेक पेगन ३० एप्रिल किंवा १ मेला साविन करतात. तिथे ऐन वसंतात हिवाळ्याच्या आगमनाचा विधी करणे त्यांना विसंगत वाटते, आणि ते बरोबरच आहे.

आठवणी गोळा करणे

माझ्या मते या सगळ्या तयारीतला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे आणि नेमका यालाच सर्वांत कमी वेळ दिला जातो. यादीतल्या प्रत्येक नावासमोर वहीचे एक पान ठेवावे आणि त्या माणसाला ओळखणाऱ्या दोन-तीन जणांना फोन करावा. 'ते कसे होते?' असा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर 'फार चांगले होते' एवढेच येते. त्याऐवजी बारीक प्रश्न विचारावेत : चहा कसा घेत, बशीत ओतून की कपानेच? चिडल्यावर कोणता शब्द तोंडी येई? बाहेर पडताना खिशात काय काय असे? घरातली कोणती वस्तू त्यांनी स्वतःच्या हाताने दुरुस्त केली होती? अशा प्रश्नांना मिळणारी उत्तरे वहीत जशीच्या तशी, सांगणाऱ्याच्या बोलीत, तारीख घालून लिहून ठेवावीत. परदेशात राहणाऱ्यांसाठी तर याला आणखी एक कारण आहे. गावाकडची जी माणसे हे सांगू शकतात त्यांची संख्या दर वर्षी कमी होत जाते, आणि व्हॉट्सअॅपवरची त्यांची ध्वनिमुद्रणे फोन बदलताना नाहीशी होतात. ती वेगळी साठवून घ्यावीत.

स्मरणाची जागा

घरात एखादे कपाट, खिडकीचा कट्टा किंवा शेकोटीवरची फळी तीन-चार दिवस रिकामी करावी. जागा आधी पुसून स्वच्छ करावी, त्यावर घरातलेच एखादे कापड अंथरावे, आणि ते गेलेल्या माणसाची साडी, शाल किंवा रुमाल असेल तर आणखी काही नकोच. तसबिरी मांडताना बहुतेक पेगन एक नियम पाळतात तो असा की ज्या फोटोत जिवंत माणसे आहेत तो या जागी ठेवायचा नाही. समूहातला एकच फोटो उपलब्ध असेल तर त्याची प्रत काढून हवा तेवढा भाग कापून घ्यावा.

फोटोंच्या भोवती ऋतूतल्या वस्तू येतात. सफरचंदे आणि हेझलनट ही साविनची खास फळे. आयरिश घरांत त्या रात्री ती मुबलक असत आणि त्यांवरून लग्नाचे भविष्य पाहण्याचे खेळ चालत. इंग्लंडमध्ये स्मरणाची वनस्पती म्हणून रोझमेरीला मान आहे, तिची एक जुडी ठेवावी. यू हा दफनभूमीतला वृक्ष म्हणून काही पुस्तिका त्याच्या फांद्या घरात आणायला सांगतात, तो सल्ला लहान मुले किंवा पाळीव जनावरे असलेल्या घरांनी मुळीच पाळू नये, कारण यूची पाने आणि बिया जीवघेण्या विषारी असतात. भाड्याच्या घरात आगीचा इशारा देणारी यंत्रे मेणबत्तीच्या धुरानेही वाजतात आणि पडद्याजवळची ज्योत धोक्याची असते, म्हणून मेणबत्ती काचेच्या उंच भांड्यात ठेवावी किंवा सरळ बॅटरीवरचा दिवा वापरावा.

सलगमचा कंदील

भोपळ्याचा कंदील ही अमेरिकेत स्थायिक झालेल्या लोकांची देणगी आहे, आयर्लंडमध्ये मूळचा कंदील सलगमचा. मेयो काउंटीत कासलबारजवळच्या ग्रामजीवन संग्रहालयात अशाच एका कंदिलाची प्लास्टरमधली प्रतिकृती ठेवली आहे. सुरकुतलेला, दात विचकणारा तो चेहरा पाहिला की भोपळा किती गोंडस असतो ते कळते. यासाठी आपल्याकडचा लहान पांढरा सलगम उपयोगाचा नाही. जांभळट सालीचा आणि पिवळ्या गराचा मोठा सलगम, ज्याला ब्रिटनमध्ये स्वीड म्हणतात, तो घ्यावा.

सलगम कोरणे हे भोपळ्याच्या चौपट कष्टाचे काम आहे. प्रथम बुडाची चकती कापून तो स्थिर बसेल असा करावा, मग देठाकडचा भाग झाकणासारखा कापून बाजूला ठेवावा. आतल्या गराला सुरीने उभ्या-आडव्या खोल चिरा द्याव्यात आणि नंतर जाड, दणकट चमच्याने एकेक तुकडा उखडून काढावा. पातळ चमचे वाकतात. सुरुवातीला काहीच निघत नाही असे वाटते, मग मधला भाग सुटला की काम भराभर होते, आणि हातांना मुळ्याची आठवण करून देणारा उग्र वास लागतो, तो दुसऱ्या दिवसापर्यंत जात नाही. कडेची भिंत साधारण एक ते दीड सेंटीमीटर जाडीची उरली की थांबावे, कारण त्याहून पातळ केल्यास डोळे कोरताना ती चिरते. डोळे, नाक, तोंड लहानच ठेवावे. काढलेला गर टाकू नये, तो उकडून लोणी-मिरपूड घालून खातात. कंदील दोन दिवसांत आक्रसू लागतो, म्हणून ३० तारखेच्या आधी तो करू नये. मुलांना सुरी न देता चमचा द्यावा, ती या कामात खूश असतात.

स्वयंपाक

साविनच्या पानावर दोन पदार्थ आयरिश घरांत हमखास असत. पहिला कोलकॅनन : बटाटे उकडून, कुस्करून त्यात दूध, भरपूर लोणी, पातीचा कांदा आणि वाफवलेला केल किंवा कोबी मिसळायचा, मध्ये खळगा करून त्यात आणखी लोणी सोडायचे. काही ठिकाणी याची एक वाटी चमच्यासह रात्रभर बाहेर किंवा टेबलावर ठेवत असत, रात्री येणाऱ्यांसाठी.

दुसरा पदार्थ बार्मब्रॅक, म्हणजे सुकामेव्याचा गोडसर पाव. मूळचा यीस्ट घालून करतात, पण चहात भिजवून केलेला प्रकार सोपा आहे. बेदाणे आणि मनुका मिळून ३५० ग्रॅम घ्याव्यात, त्यांवर दूध न घातलेला कडक चहा ३०० मिलिलिटर ओतून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी त्यात १२५ ग्रॅम ब्राउन शुगर, एक फेटलेले अंडे, चहाचा एक चमचा दालचिनी-जायफळाची पूड आणि २२५ ग्रॅम सेल्फ रेझिंग पीठ घालावे. तसे पीठ मिळत नसेल तर तेवढ्याच मैद्यात अडीच चहाचे चमचे बेकिंग पावडर मिसळावी. अंडे चालत नसल्यास पाव वाटी दही घालावे, पाव किंचित ओलसर होतो, इतकेच. कागद लावलेल्या लांबट डब्यात ओतून १७० अंशांवर सुमारे एक तास ते सव्वा तास भाजावे आणि मध्ये सळई घालून ती कोरडी निघते का ते पाहावे. भविष्य सांगण्यासाठी जुन्या काळी यात अंगठी, नाणे, चिंधी, वाटाणा आणि काडी दडवत. अंगठी मिळाली तर लग्न, चिंधी मिळाली तर दारिद्र्य. स्मरणाच्या पावात या वस्तू घालू नयेत, एक तर त्या घशात अडकतात, आणि शिवाय चिंधी ज्याच्या वाट्याला आली त्याचे हसे होऊन संध्याकाळचा सूर बिघडतो.

या दोहोंखेरीज गेलेल्या माणसाच्या आवडीचा एक तरी पदार्थ असावा, आणि तो आयरिश असण्याची काहीच गरज नाही. आजीला भरली वांगी आवडत असतील तर साविनच्या टेबलावर भरली वांगीच शोभतात.

संध्याकाळचा क्रम

अंधार पडू लागला की घरातले मोठे दिवे मालवावेत आणि कंदील दाराशी किंवा खिडकीत लावावा. दाराची कडी काढून ठेवण्याची जुनी चाल आज शहरात पाळणे शहाणपणाचे नाही, त्याऐवजी एखादी खिडकी मिनिटभर उघडून पुन्हा लावून घ्यावी. स्मरणाच्या जागेपाशी सगळ्यांनी उभे राहावे. यजमानाने दोन वाक्यांत आज आपण काय करत आहोत ते साध्या भाषेत सांगावे. छापील आवाहन वाचायचेच असेल तर ते कोणी आणि केव्हा लिहिले ते आधी पाहून घ्यावे.

यानंतर नावे घ्यायची. ज्याचे नाव घेतले जाते त्याची एक मेणबत्ती, आणि ती त्याला सर्वांत जवळून ओळखणाऱ्याने लावायची. पूर्ण नाव, आपले त्याच्याशी नाते आणि वहीतली एकच आठवण, एवढेच बोलावे. अनोळखी पाहुण्याला बोलण्याचा आग्रह करू नये. कॅथलिक आयर्लंडमध्ये नोव्हेंबर महिनाभर आपापल्या मृतांच्या नावांची यादी लिहून चर्चमध्ये वेदीजवळ ठेवण्याची प्रथा आहे, त्यामुळे नावे लिहिण्या-वाचण्याचा हा भाग कॅथलिक पाहुण्यांनाही परका वाटत नाही.

पुढचा भाग मूक जेवणाचा. ब्रिटिश बेटांत पूर्वी तरुण मुली मध्यरात्री न बोलता, सगळी कामे उलट्या क्रमाने करत जेवण मांडत आणि भावी नवरा दिसेल अशी अपेक्षा करत. आधुनिक पेगनांनी त्यातले मौन उचलले आणि नवऱ्याच्या जागी पूर्वज बसवले. टेबलाच्या एका टोकाची खुर्ची रिकामी ठेवावी, तिच्या पाठीवर कापड टाकावे, समोर पूर्ण पान मांडावे : ताट, पेला, चमचा, सगळे. प्रत्येकाने सांगायचे राहून गेलेले काही असेल तर चिठ्ठीवर लिहून ती घडी करून त्या ताटाखाली सरकवावी. वाढताना पहिले पान या खुर्चीचे, मग घरातल्या सर्वांत ज्येष्ठाचे, आणि असे करत शेवटी मुलांचे.

बसल्यापासून उठेपर्यंत कोणी बोलायचे नाही. ऐकायला सोपे वाटते, पण प्रत्यक्षात पहिली पाच मिनिटे अवघड जातात, कोणाला तरी हसू येते, मीठ हवे असते आणि मागता येत नाही. म्हणून मीठ, पाणी, लोणी, हात पुसायचे रुमाल हे सगळे प्रत्येकाच्या हाताशी येईल असे आधीच ठेवावे आणि फोन दुसऱ्या खोलीत बंद करून ठेवावेत. हळूहळू चमच्यांचा आवाजही कमी होतो. वीस-पंचवीस मिनिटे पुष्कळ झाली. लहान मुलांना यात बसवून ठेवू नये, त्यांना आधी जेवू घालून कंदिलाची राखण करायला द्यावी. कोणाला रडू आले तर उठून जाण्याची मुभा आहे हे जेवणापूर्वीच सांगून ठेवावे, कारण मौन सुरू झाल्यावर ते सांगता येत नाही.

जेवण आटोपल्यावर प्रत्येकाने रिकाम्या खुर्चीपाशी क्षणभर थांबून जावे. यजमानाने ताटाखालच्या चिठ्ठ्या न वाचता उचलाव्यात आणि शेकोटीत, किंवा शेकोटी नसेल तर अंगणात जाड लोखंडी भांड्यात जाळाव्यात. पाण्याची बादली शेजारी असू द्यावी. मोठी होळी पेटवण्याच्या फंदात पडू नये. आयर्लंडमध्ये घरामागे कचरा जाळणे बेकायदेशीर आहे आणि त्या रात्री अग्निशमन दलाला आधीच उसंत नसते. चिठ्ठ्या जळाल्या की पूर्वजांना शब्दांत निरोप द्यावा, मोठे दिवे पुन्हा लावावेत आणि मोठ्याने बोलायला सुरुवात करावी. चहा आणि बार्मब्रॅक याच वेळी काढावा. सर्वांत चांगल्या गोष्टी बहुधा आता, मौन सुटल्यावर निघतात, तेव्हा वही जवळ ठेवावी.

पानातले अन्न आणि दुसरा दिवस

पूर्वजांच्या पानातले अन्न जिवंत माणसांनी खाऊ नये असे बहुतेक पेगन मानतात, ते सकाळी मातीला देतात. इथे एक व्यावहारिक धोका आहे. मनुका आणि बेदाणे कुत्र्यांसाठी विषारी असतात, त्यामुळे बार्मब्रॅक झाडाखाली, बागेत किंवा रस्त्याकडेला कधीही ठेवू नये. तो पुरावा किंवा झाकणाच्या कंपोस्ट पेटीत टाकावा. कंदीलही तिथेच जातो.

१ किंवा २ नोव्हेंबरला कबर जवळ असेल तर तिथे जाऊन पालापाचोळा साफ करावा आणि फुले ठेवावीत. काच आणि उघडी ज्योत यांविषयी प्रत्येक दफनभूमीचे नियम वेगळे असतात, ते फाटकाजवळच्या फलकावर वाचून घ्यावेत. प्राचीन दफनगुहा किंवा पाषाणवर्तुळे यांच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी तिथे मेणबत्त्या लावू नयेत. उष्णतेने दगड तडकतो, आणि मेणाचे व काजळीचे डाग निघत नाहीत. झाडांना नायलॉनच्या फिती बांधणेही टाळावे.

मराठी घरात हा विधी करताना

२ नोव्हेंबर मराठी मुलखाला अपरिचित नाही. वसई, मुंबई आणि गोव्यातले कॅथलिक त्या दिवशी कबरी स्वच्छ करून मेणबत्त्या लावतातच. प्रश्न येतो तो पितृपक्ष पाळणाऱ्या घरांपुढे, कारण साविनच्या काही आठवडे आधीच सर्वपित्री अमावास्या होऊन गेलेली असते. दोन्ही विधी एकाच घरात सुखाने नांदू शकतात, मात्र ते एकत्र कालवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. श्राद्धात गोत्र, तिथी, तर्पण आणि पिंड यांची एक बांधीव व्यवस्था आहे आणि त्यामागे पितरांप्रती असलेल्या कर्तव्याचा विचार आहे. साविनच्या पानामागे पाहुणचाराचा विचार आहे, तो कोणीही, कोणासाठीही करू शकतो. लेकीला आईसाठी, सुनेला सासूसाठी, मित्राला मित्रासाठी हे पान वाढता येते, आणि श्राद्धविधीत ज्यांना पुढे येऊ दिले गेले नाही अशा स्त्रियांना त्याचे मोल विशेष वाटते. म्हणून टेबलावर पिंड, दर्भ किंवा काळे तीळ मांडून 'आपले-त्यांचे एकच' असे दाखवण्याची धडपड करू नये. त्याने आयरिश पाहुणाही गोंधळतो आणि घरातली वडीलधारी माणसेही दुखावतात. त्यांना हा विधी काय आहे हे आधी फोनवर सांगितलेले बरे, म्हणजे नंतर फोटो पाहून गैरसमज होत नाही.

दिवाळीशी मात्र खरोखरच गाठ पडते. २०२४ साली नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच होती आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. अशा वर्षी सकाळी अभ्यंगस्नान, फराळ आणि संध्याकाळी मूक जेवण असा दिवस मुलांना आणि मोठ्यांनाही जड जातो. तेव्हा दिवाळी दिवाळीसारखी होऊ द्यावी आणि साविनसाठी ७ नोव्हेंबरच्या जवळची तारीख घ्यावी. आमंत्रण शेजाऱ्याकडचे असेल आणि तारीख हलवता येत नसेल, तर मूक जेवणाला नम्रपणे नकार देऊन नावे घेण्यापुरते जावे आणि जाताना फराळाचा डबा न्यावा. फक्त त्यातल्या चकल्या मूक जेवणाच्या टेबलावर ठेवू नका असे यजमानाला सांगावे, त्या भलत्याच कुरकुरीत असतात.